चित्रीकरण झालेल्या गावांनाही पर्यटनाचा वाटा मिळावा

महोदय,

पडद्यावर पाहिलेले ठिकाण एकदा तरी प्रत्यक्ष पाहावे, या ओढीने माणसे वाट वाकडी करून जातात. २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’ प्रदर्शित झाल्यावर लडाखचे पँगाँग सरोवर घरोघरी माहीत झाले, तर २०१६ च्या ‘सैराट’ने करमाळ्याच्या ९६ पायऱ्यांच्या विहिरीची ओळख सोलापूर जिल्ह्याबाहेर पोहोचवली.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हा अनुभव वसगडे गावाने ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेमुळे घेतला. मालिकेतील गायकवाडांचा वाडा पाहण्यासाठी बाहेरगावच्या गाड्या गावात शिरू लागल्या आणि वाड्याच्या दारात फोटो काढून घेण्यासाठी झुंबड उडू लागली. खाण्यापिण्याच्या गाड्या लावणाऱ्यांना त्यातून चार पैसे मिळतात, हे खरेच. पण गावातल्या अरुंद रस्त्यांवरची कोंडी आणि मागे राहणारा कचरा ग्रामस्थांनाच निस्तरावा लागतो. निर्माता चित्रीकरण संपवून निघून जातो, पर्यटक मात्र त्यानंतरही येत राहतात आणि त्यांच्यासाठी साध्या स्वच्छतागृहाची सोय करायची म्हटले तरी ग्रामपंचायतीच्या हाती काही नसते.

वास्तविक चित्रपट पर्यटनाचा सर्वांत मोठा हक्क कोल्हापूरचा आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथे उभी राहिली. १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना येथेच झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी तिने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट येथेच तयार केला. जयप्रभा स्टुडिओचे नाव तर दिग्दर्शक भालजी पेंढारकरांपासून वेगळे काढताच येत नाही. तरीही अंबाबाईचे दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा आणि रंकाळ्यावरची एक चक्कर एवढे उरकून पर्यटक पन्हाळा-जोतिबाच्या वाटेला लागतो. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून जाऊनही तो कशासाठी उभारला आहे, हे त्याला सांगणारे कोणी नसते. ज्या शहराने मराठी सिनेमा घडवला, तेथे ही उणीव मनाला फार लागते.

महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने या वास्तू, मोरेवाडीची चित्रनगरी व चित्रीकरण झालेली गावे जोडणारा एक मार्ग आखावा, प्रत्येक ठिकाणी वर्ष आणि कलाकृतीच्या नावासह मराठी फलक लावावेत आणि माहिती सांगण्याचे काम स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन सोपवावे. खासगी वाड्यांच्या बाबतीत मालकांची संमती आणि भेटीची वेळ आधी ठरलेली असावी. गर्दी हाताबाहेर गेल्यावर काय होते, ते थायलंडच्या ‘माया बे’ या किनाऱ्याने दाखवले आहे. ‘द बीच’ या चित्रपटामुळे जगभर गाजलेला तो किनारा प्रवाळाची हानी झाल्याने २०१८ मध्ये बंद करावा लागला आणि २०२२ मध्ये पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालूनच पुन्हा खुला झाला. पन्हाळ्याच्या तटबंदीला किंवा राधानगरीच्या जंगलाला असा प्रसंग परवडणारा नाही.

चित्रीकरणाच्या परवानगी शुल्कातील ठरावीक हिस्सा संबंधित ग्रामपंचायतीच्या खात्यावर थेट जमा व्हावा आणि तो वाहनतळ, स्वच्छतागृह व कचरा उचलण्यासाठीच खर्च व्हावा, अशी अट परवानगीच्या आदेशातच घालावी, ही प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर