रविवारची डोळ्यांची गाडी, नीट वाचा

मंडळी, रविवारी डोळे तपासणीची गाडी मोखाड्याच्या वरच्या पाड्यांवर जातेय, सकाळी ६ ला निघायचंय आणि ६ म्हणजे ६, मागच्यासारखा चहात अर्धा तास नको. अक्षरांचा तक्ता राहू दे, तिकडे बऱ्याच जणांना वाचता येत नाही, तो इंग्रजी ई वाला घ्या, दांडे कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं, आणि तक्त्यापासूनचं ६ मीटर अंतर टेपनेच मोजा, पावलांनी नको. चाळिशीचे चष्मे +१ ते +३ भरपूर घ्या, सुईदोरा पण. मागे एका आजीने चष्मा लावून पहिल्या फटक्यात दोरा ओवला आणि मग चष्मा काढायलाच तयार नव्हती!

बाहुली मोठी करायचे थेंब टाकलेल्यांना काही तास धूसर दिसतं, एकटं उतारावर सोडू नका, सोबत कोणीतरी हवंच. शुगरवाल्यांना चांगलं दिसत असलं तरी डोळ्यामागचा पडदा तपासायचाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन गाडीत होत नाही हे आधीच सांगा, दवाखान्यात न्यावं लागेल, म्हणून घरच्यांचा फोन लिहून घ्या, रेंज नसेल तर पाड्यावरच्या आशाताईंचा (आशा स्वयंसेविकेचा). कोण येतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा.