शनिवारची बोर्दो वाइन चाखणी : येणाऱ्यांनी वाचावे

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, पॅरिसमधल्या आपल्या नेहमीच्या जागी. फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातल्या मेदोक भागातल्या एकाच शातोच्या (द्राक्षमळा असलेल्या वाइनघराच्या) तीन सालांच्या वाइन शेजारी ठेवून चाखायच्या आहेत : २००९, २०१० आणि २०१३. २००९ उन्हात पिकलेली, मऊ. २०१० मध्ये आम्ल आणि टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) दोन्ही ठणठणीत. २०१३ मध्ये गारठा-पावसाने द्राक्षांचा फुलोरा बिघडला, त्यामुळे ती अंगाने हलकी. पण आधीच नाक मुरडू नका, आज प्यायला तीच सोपी वाटेल.

• अत्तर, परफ्यूम लावून येऊ नये. (गेल्या वेळी वाइनऐवजी मोगराच हुंगला!)
• प्रत्येकाने तीन ग्लास आणावेत.
• चाखलेली वाइन थुंकायला भांडी असतील, लाजू नका. गाडी मात्र घरीच ठेवा.
• चिवडा, लोणचं चाखणी आटोपल्यावरच.

७५० मिलीच्या बाटलीत बारा जणांना जेमतेम साठ-साठ मिली येते, म्हणून जागा बाराच. नावं गुरुवारपर्यंत कळवा.