सरेंडरशिवाय दुसरा रस्ता पण द्या, मॅडम

मा. अर्थमंत्री निर्मला सीतारामन मॅडम,
सप्रेम नमस्कार.

2019 मध्ये वडिलांच्या ऑपरेशनसाठी मी माझी एंडोमेंट पॉलिसी (ठरलेली मुदत संपली की रक्कम देणारी विमा पॉलिसी) सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच कंपनीला परत करून पैसे घेतले. अकरा वर्षं एक हप्ता चुकवला नव्हता, दुकान बंद होतं तेव्हा उसने घेऊन भरला होता. ऑफिसात फॉर्मवर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवून सही केली, बॉन्ड दिला आणि मिळाले ते भरल्यापेक्षा कमीच. बायको बाहेर बाकावर बसलेली, आकडा ऐकून एवढंच म्हणाली, "बास? एवढेच?"

पॉलिसी दुसऱ्याला विकता येते हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही. म्हणजे सरेंडरपेक्षा जास्त पैसे देऊन कोणी ती आपल्या नावावर असाइन (हस्तांतरित) करून घ्यायची, पुढचे हप्ते त्याने भरायचे आणि मुदत संपली की रक्कम त्याची. एलआयसीने याला नकार दिला होता तेव्हा मुंबई हायकोर्टाने 2007 ला पॉलिसी विकत घेणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर 2015 ला सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला. पण तो जुन्या कायद्यावरचा निकाल, त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विमा कायद्याच्या कलम 38 मध्ये आलं की असाइनमेंट "ट्रेडिंगसाठी" आहे असं वाटलं तर कंपनी नाकारू शकते. मग घेणार कोण?

अमेरिकेत हा धंदा मोठा आहे, तिथे 1911 च्या ग्रिग्ज्बी खटल्यापासून पॉलिसी ही विकता येणारी मालमत्ता मानतात. तिथले फंड आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या पॉलिसी घेतात आणि मरणाचा अंदाज बांधतात, ते मलाही पटत नाही. एड्सच्या रुग्णांच्या पॉलिसीही अशाच घेतल्या होत्या, पण 1996 च्या सुमारास एड्सवर चांगली औषधं आली, माणसं जगली, आणि पैसे लावणारे अडकले. माणसं जगली हे उत्तमच झालं, पण दुसऱ्याच्या जगण्याने आपला तोटा व्हावा असा व्यवहार आपल्याकडे नकोच.

आपल्या एंडोमेंटचं तसं नाही ना. मुदतीची तारीख ठरलेली, बोनस जमा होत असतो, घेणाऱ्याला कोणाच्या मरणाची वाट बघायची गरज नाही. पण एकट्यादुकट्याने घेण्यासारखा हा व्यवहार नाही, फंडच पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वर्षी पिकणाऱ्या शेकडो पॉलिसी एकत्र धरायच्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या हप्त्यांचा पैसा आधीच बाजूला काढायचा, कारण हप्ते थकले की मिळणारी रक्कम घटते आणि सगळं गणित बिघडतं.

म्हणून विनंती अशी की आयआरडीएआयचं (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) लायसन्स असलेल्या अशा फंडांना कलम 38 मधून सूट द्या, हप्त्यांचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती करा. असाइनमेंट झाली की नॉमिनेशन जातं, घरच्यांचं कव्हर संपतं, म्हणून विकताना नवरा-बायको दोघांनाही ते समोर बसवून सांगा. फंडाने घरी फोन करून तब्येत विचारायची नाही हेही नियमात पाहिजे.

ऑक्टोबर 2024 पासून नव्या पॉलिसींचे सरेंडरचे नियम आयआरडीएआयने सुधारले, एक वर्षाचा हप्ता भरला तरी काहीतरी हातात येतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण आमच्या जुन्या पॉलिसींचं काय? सरेंडरच्या फॉर्मवरच पहिल्या पानावर मराठीत छापा की पॉलिसीवर कर्ज मिळतं, विकताही येते, आणि मगच सही घ्या.

आपला,
एक पॉलिसीधारक, सांगली