कोनाड्यातला कप

जर्सी सिटी, २६ डिसेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. हे फोनवर बोलता आलं नसतं. आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि बाबा ‘बिल वाढतंय’ म्हणून फोन ठेवतात. व्हॉट्सॲपला बिल येत नाही, हे शंभरदा सांगून झालं.

नाताळच्या आदल्या रात्री वरच्या मजल्यावरच्या आजींनी जेवायला बोलावलं होतं. त्या आफ्रिकन-अमेरिकन आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या, एकट्याच राहतात. त्यांनी रताळ्याचा ‘पाय’ हा इथला गोड पदार्थ केला होता. आई, तुझ्या उपासाच्या रताळ्यांना दालचिनी लावून भट्टीत घातल्यासारखी चव. जेवणानंतर आम्ही ‘ग्रीन बुक’ नावाचा सिनेमा लावला. २०१९ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं होतं. मी मात्र आत्ता पाहिला.

बाबा, तुम्हाला आवडेल, कारण गोष्ट ड्रायव्हरची आहे. साल १९६२. ब्रॉन्क्समधला टोनी, इटालियन, आडदांड, नाइटक्लबात दारावर उभा राहणारा. क्लब दुरुस्तीसाठी बंद पडतो, म्हणून तो डॉन शर्ली या काळ्या पियानोवादकाची गाडी चालवायचं काम धरतो. हे शर्ली खरोखर होऊन गेले, कार्नेगी हॉलच्या वर राहायचे. दक्षिणेकडच्या राज्यांत कार्यक्रमांचा दौरा करायचा आणि नाताळला घरी परतायचं, असा सौदा. गाडी कॅडिलॅक, निळ्या-हिरव्या रंगाची, आपल्या लाल डब्याची लांबची श्रीमंत बहीण.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. टोनीच्या घरी दोन काळे कामगार दुरुस्तीला आलेले असतात. त्याची बायको डोलोरेस त्यांना सरबत देते. ते गेल्यावर टोनी ते दोन काचेचे ग्लास दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. मागाहून बायको बघते आणि काही न बोलता ते डब्यातून बाहेर काढते.

मी आजींना म्हटलं, जरा थांबवा. पाणी प्यायचं निमित्त केलं.

पडवीतल्या कोनाड्यातला कप आठवतो का? निळ्या फुलांचा, कान तुटलेला, बशी नसलेला. कंडक्टरकाका आले की स्वतःच तो उतरवायचे, आई वरून चहा ओतायची, पिऊन झाल्यावर ते अंगणातल्या नळावर विसळून पालथा ठेवून द्यायचे. मला वाटायचं, काकांचा मान म्हणून त्यांचा कप वेगळा. हेवा वाटायचा मला त्या कपाचा! दुसरीत असताना एकदा हट्टाने त्यातून दूध प्यायले, तर आजीने भर थंडीत पुन्हा अंघोळ घातली. काका तेव्हा उंबऱ्याबाहेर बसले होते. त्यांनी मला तिकिटाचा चिमटा खेळायला दिला आणि मी रडायची थांबेपर्यंत जुन्या कागदाला भोकं पाडू दिली.

आणि बाबा, वस्तीच्या गाडीवर तुम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचात. ते तुम्हीच सांगायचात, कौतुकाने. मग घरी तुम्ही आजीला काय म्हणत होतात? मी भांडायला विचारत नाहीये. मला खरंच आठवत नाही, की तुम्ही काही बोललाच नव्हतात?

सिनेमातही हेच. गोरे यजमान शर्लींचा पियानो ऐकून टाळ्या पिटतात, पण घरातला संडास वापरू देत नाहीत. बर्मिंगहॅमच्या ज्या हॉटेलात त्यांनी वाजवायचं, तिथेच त्यांना जेवायला टेबल नाही. ‘ग्रीन बुक’ हे खरं पुस्तक होतं. हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून ते काढलं. काळ्या प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल, याची यादी. मला आपलं मसूर स्टेशन आठवलं, बाबा. तुमच्या रूटवरचं. १९०१ मध्ये लहानगे बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि तिथे उतरले. जात कळल्यावर कोणी गाडीवान नेईना. एक जण दुप्पट भाडं घेऊन तयार झाला, पण बैल मुलांनी हाकायचे आणि तो पायी चालणार. रात्री शिदोरी जवळ होती, पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून पोरं न जेवता झोपली. मसूरवरून तुम्ही किती वर्षं गाडी नेलीत. काका मागे घंटी मारायचे.

तळलेल्या कोंबडीचा प्रसंग आला, टोनी शर्लींना हाताने खायचा आग्रह करतो तो. मी खूप हसले. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आम्ही आजोळी दक्षिणेला जायचो, तेव्हा आई बुटाच्या खोक्यात कोंबडी भरून द्यायची. वाटेत कुठे खायला देतील याचा भरवसा नसायचा.” मग त्यांनीच आवाज वाढवला आणि पुढे बघत बसल्या.

शेवट नाताळच्या आदल्या रात्रीचा, बर्फातला. टोनीला झोप अनावर होते, तर तो मागे आडवा होतो आणि शर्ली स्वतः गाडी हाकत ब्रॉन्क्सला आणतात. थोड्या वेळाने ते टोनीच्या दारात उभे राहतात, सगळं घर क्षणभर गप्प, आणि मग त्यांना टेबलाशी जागा होते. वाटेत टोनी बायकोला जी मोडकीतोडकी पत्रं लिहायचा, ती शर्ली सुधारून द्यायचे. डोलोरेसला ते कळलेलं असतं. ती त्यांना मिठी मारून हळूच आभार मानते. माझे डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

पण झोपायच्या आधी वाचलं, की शर्लींच्या नातलगांना हा सिनेमा मुळीच आवडला नाही. पटकथा लिहिणाऱ्यांत टोनीचा मुलगा आहे. मैत्री ही ड्रायव्हरच्या बाजूची गोष्ट, शर्लींच्या लेखी तो नोकरीवरचा माणूस होता, असं नातलगांचं म्हणणं. हे मात्र मला टोचत राहिलं. मीसुद्धा ड्रायव्हरचीच मुलगी. ‘एकाच डब्यात जेवायचे’ ही आपल्या घरातली गोष्ट. काकांच्या घरी काय सांगत असतील, आपला डबा की आपला कप?

आई, तुला एक विचारायचंय. आजी गेली त्या वर्षी दिवाळीला मी आले, तेव्हा कोनाडा रिकामा होता, तिथे मोबाईलचा चार्जर होता. तो कप तू फेकलास की कपाटात आपल्या कपांत मिसळलास? काका त्यानंतर कशात चहा प्यायले?

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. जानेवारीत पैसे पाठवते, गळकं छप्पर आधी करून घ्या.

आणि काकांचा नवा नंबर पाठवा. जुना लागत नाही.

तुमची,
छकुली