पोर्तुगालहून पक्याला

पोवुआ द वार्झिम,
१४ नोव्हेंबर

प्रिय पक्या,

"दर्यावर घर घेतलंस, आता साहेब झालास" असा टोमणा मारून तू खाली बारीक अक्षरात विचारलंयस, "मलाही घेता येईल का रे?" टोमण्याचं उत्तर भेटल्यावर देईन, प्रश्नाचं आत्ताच देतो.

येईल. पोर्तुगालात परक्या माणसाला घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. 'नीफ' हा कर क्रमांक, म्हणजे आपलं पॅनच, काढला की मोकळा. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही, मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं. इथे तसलं काही नाही. मात्र घर घेतलं की राहायचा परवाना मिळतो, हे डोक्यातून काढून टाक. गोल्डन व्हिसाची ती वाट ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. कुणी एजंट अजून ते गाजर दाखवत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

आमचं घोडं अडलं ते भलतीकडेच. हे गाव कोळ्यांचं, पोर्तोहून मेट्रोने साधारण तासाभरावर. इथल्या कोळी घराण्यांची आपापली चिन्हं असत, होड्यांवर, जाळ्यांवर, अगदी थडग्यांवरसुद्धा कोरलेली. मूळ चिन्ह आणि घर धाकट्याकडे जायचं, कारण म्हाताऱ्या आईबापांना सांभाळायचं काम त्याचं. थोरल्यांनी त्याच चिन्हात एकेक रेघ वाढवून आपलं करायचं. किती सुटसुटीत! आता कायदा सगळ्या मुलांना वाटा देतो. आम्हाला आवडलेलं घर एका आजीबाईंच्या पश्चात भावंडांच्या सामाईक नावावर होतं, आणि त्यातला थोरला साठच्या दशकात फ्रान्सला गेला तो तिकडचाच झालेला. अशी माणसं इथे घरटी एक सापडेल. एकाची सही नाही तर विक्री नाही. वाडीतल्या तुमच्या सातबाऱ्यावरची नावं आठव, म्हणजे कळेल. त्याचं कुलमुखत्यारपत्र येईपर्यंत मी एक युरो हातातून सोडला नाही.

कारण इथल्या साठेखताला दात आहेत. बयाणा सहसा १० टक्के. तू मागे फिरलास तर बुडाला, मालक फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. सगळ्या वारसांनी सही केलेली नसताना पैसे देणं म्हणजे नुसती डोकेदुखी.

खरेदीखताच्या दिवशी नोटरीबाईंनी अख्खं खत मोठ्याने वाचलं. भाषा कळत नसेल तर दुभाषी लागतोच, आम्हीही घेतला. मध्येच बाई थांबल्या. "तुमचं लग्न कोणत्या मालमत्ता-पद्धतीने झालं?" आम्ही एकमेकांकडे बघतोय. इथे लग्नाबरोबरच ठरतं म्हणे, कमाई सामाईक की वेगवेगळी. आपल्याकडे असं काही नसतं, ज्याचं त्याचं, हे दुभाष्याने समजावल्यावर बाईंनी 'मालमत्ता स्वतंत्र' असं लिहून टाकलं. सही करताना ही हळूच म्हणाली, "बरं झालं, आता सोनं माझं हे सरकारी कागदावर आलं."

आता खरं दुखणं सांगतो. ओल! कोकणातल्या माणसाला ओल शिकवायला नको, पण आपली ओल उबदार. इथली गारठ्यासकट येते. जुन्या घरांत हीटर नसतो, काचा एकेरी, आणि खारा वारा फटीफटीतून आत. विक्रीच्या वेळी घराचं ऊर्जा प्रमाणपत्र द्यावंच लागतं, पण त्यावर नुसतं विसंबू नकोस. कपाट भिंतीपासून ओढून मागे बघ. फक्त एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर समज, खाली काळी बुरशी आहे. आमच्याकडे आता ओल शोषणारं यंत्र रात्रंदिवस घुर्रघुर्र करतं, रोज सकाळी त्याची टाकी ओतायची.

पैशाचं थोडक्यात. मी इथला रहिवासी, त्यामुळे मला इथल्या बँकेचं कर्ज मिळालं. स्वतः राहायच्या घरावर ९० टक्क्यांपर्यंत देतात. तुला भारतातून पाठवायचे झाले तर माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. वहिनींचं नाव घातलंस तर त्यांची वेगळी. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधीच कापून घेते. तो पुढे रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. शिवाय ते घर दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं. दडवलंस तर १० लाखांचा दंड बसू शकतो. सीएशी आधी बोल, एजंटशी नंतर.

आणि माझं ऐकशील तर पहिला हिवाळा भाड्याने काढ. जूनमध्ये बघायला येऊ नकोस. महिनाअखेरीस साओ पेद्रूचा सण असतो, गल्लोगल्ली तारल्या भाजतात, तेव्हा कुणालाही इथे घर घ्यावंसं वाटतं. जानेवारीत ये, पाऊस आडवा लागतो तेव्हा. वरची खोली तुमचीच आहे. येताना तिरफळं तेवढी आण, ती इथे कुठेच मिळत नाहीत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सतीश