बरणीतलं धुकं

पुणे, १९ एप्रिल

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. यंदा मुलांचे बर्फाचे प्रयोग वाईच्या पडवीत नाहीत, इथे आमच्याकडे. मी ठरवलंय, दादालाही सांगून झालंय. २ मेला गाडी पाठवते.

बाबा, रागावू नका. गेल्या वर्षी पायावर पातेलं कलंडलं तेव्हा ‘थोडंसं पोळलं’ एवढंच म्हणालात. साखरेमुळे ती जखम भरायला दीड महिना लागला, आई रोज पट्टी बदलत होती, हे मला गणपतीत कळलं. चूक तुमची नव्हतीच. चार मुलं अंगावर आली की कुणाचाही तोल जाईल. पण आता गरम पाण्याला हात मीच लावणार.

बरणीतल्या धुक्याला उकळतं पाणी लागतही नाही. परवा करून पाहिलं. आधी कोमट पाण्यानं बरणी विसळली, मग दोन बोटं गरम पाणी, वर बर्फाची ताटली. काचेला नुसता घाम आला. मग काडी विझवून तिचा धूर आत सोडला आणि ताटली परत ठेवली, तर खालून पिंजलेल्या कापसासारखं धुकं उतरायला लागलं! धाकटीनं विचारलं, “हा धूरच आहे ना?” वाफ दिसत नाही, थेंब व्हायला तिला बसायला कण लागतो, तो धुरातून मिळतो, एवढं मी सांगितलं. तिला पटलं नाही. थंड पाण्याच्या दुसऱ्या बरणीत तेवढाच धूर सोडून शेजारी ठेवायचा, हे तुम्ही करायचात ते मला रात्री आठवलं. म्हणून तुम्ही हवेत बाबा. खुर्चीत बसून सांगायचं, उचलाउचल आम्ही करू.

मी लहान असताना तुम्ही मला पहाटेच्या एसटीनं महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला नेलं होतंत. पानावरचं गोठलेलं दव नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलंत. घरी येऊन पेल्यात बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ ढवळलंत, आणि पेल्याबाहेर तसाच पांढरा थर धरला. मैत्रिणींना दाखवायला मी तो पेला ट्रंकेत लपवला. सकाळी सगळे कपडे खाऱ्या पाण्यात. आई, तू एक शब्द बोलली नाहीस, गुपचूप धुवून वाळत घातलेस.

इथे खाली वेगळी खोली आहे, जिना नाही. कमोड आहे, बाजूला धरायला दांडा बसवून घेतलाय. पाचचा चहा मी स्वतः करीन, पेपर दारात येतो, आईच्या पूजेला तुळस आणि जास्वंद गच्चीवर आहे. करमलं नाही तर सोडायला मी स्वतः येईन, शपथ.

आता ऐका. गोळ्यांचा डबा पिशवीत नाही, पर्समध्ये. बाबांनी घरातही चप्पल घालायची, बर्फाचं पाणी फरशीवर दिसत नाही. मीठ-बर्फाच्या पेल्याला मुलांनी बोट चिकटवायचं नाही, तो शून्याच्या खूप खाली जातो. हे तुम्हीच त्यांना दरडावा, माझं ऐकत नाहीत. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणायचा हट्ट थोरला करेल, त्याला नाही म्हणा. आणि इथली हवा सध्या कोरडी आहे, थर नीट धरणार नाही, म्हणून पेल्याखाली ओलं फडकं ठेवू. तेच गोठून चिकटतं की नाही बघू.

आई, तो पोचा आलेला पेला फडताळात वरच्या फळीवर आहे. स्टुलावर चढू नकोस, शेजारच्यांना काढायला सांग आणि घेऊन ये.

तुमची,
बेबी