ईसीजी नॉर्मल आला, मग पुढे?

महोदय,

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, राहायला सांगलीवाडीत. तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरच्या धामधुमीत आयर्विन पुलावर स्कूटरवर असताना एकाएकी छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, अंगाला दरदरून घाम, श्वास पुरेना. वाटलं, आटोपलं.

हॉस्पिटलात ईसीजी नॉर्मल. पुढे टूडी इको, थायरॉईडही नॉर्मल. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." दीड महिन्यात तीनदा हेच ऐकलं, चौथ्यांदा लाजेनं गेलोच नाही. आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. पुलावरून मुलाच्या मागे डोळे मिटून जायचो.

अखेर मिरजेच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी नाव सांगितलं: पॅनिक डिसऑर्डर. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टिपेला जातो आणि आपला आपण उतरतो. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या. एखादा झटका कुणालाही येतो. तो पुन्हा येईल या धास्तीनं महिनाभर माणसाचं वागणंच बदललं, की तो आजार.

सर्ट्रालिनची गोळी अगदी कमी डोसनं सुरू झाली. गुण यायला महिना लागला. सुरुवातीला तर अस्वस्थता वाढलीच. झटपट शांत करणारी गोळी थोडेच दिवस दिली, तिची सवय लागते म्हणून. (आमच्या गल्लीत ती शेजारधर्म म्हणून वाटतात!)

खरी मजा समुपदेशनात. धडधड, चक्कर मुद्दाम आणायची आणि त्यानं माणूस मरत नाही हे अंगाला पटवायचं. दुपारी सौदे आटोपले की मी शेठजींच्या फिरत्या खुर्चीत मिनिटभर गरगर फिरायचो. हमाल म्हणायचे, दिवाणजी बिघडले. मग पूल: आधी चालत पहिल्या खांबापर्यंत, तिथंच कठड्याला धरून धडधड ओसरेस्तोवर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा खांब. पावसाळा संपेतो स्कूटर पलीकडे गेली.

माझी तक्रार एवढीच, की तीन वेळच्या कागदांवर मानसोपचाराचा शब्द नव्हता. ईसीजी नॉर्मल आलेल्याच्या हातात चिठ्ठी देताना डॉक्टरांनी एक ओळ जास्त लिहावी, आणि खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर. तिथं मराठीत बोलता येतं.

नाव छापू नये. यार्डात अजून खुर्चीवरून चिडवतात.

— एक दिवाणजी, सांगलीवाडी